कोली पॅटची बादली

बसा. कोट त्या खुंटीला अडकवा, शेगडीजवळ लवकर वाळेल. तुमच्या आडनावाचं काम मी करते, पण आज नाही. तुमच्या नावाच्या शेवटी जे अक्षर आहे ते इथल्या थडग्यांवर नाही, म्हणून ही माणसं तुमची नव्हेत, असं तुम्हाला वाटतंय ना? माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच रडगाणं घेऊन येतो. इथलं पोस्ट बंद पडून माझी नोकरी गेली तेव्हापासून मी हेच करते. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आलेल्या लोकांची आयर्लंडातली पाळंमुळं शोधून देते. आणि सगळ्यांना आधी एकच सांगते, की बाबांनो, तुमच्या पणजोबाला लिहिता येत नव्हतं. पाद्र्यानं कानाला लागलं तसं लिहिलं, जमीनदाराच्या कारकुनानं मनाला आलं तसं, आणि जहाजावरच्या माणसाला तर घाईच होती. नाव ही लिहिणाऱ्याची मर्जी. माणूस वेगळा.

मर्लला हे लगेच पटलं होतं. मर्ल किनॅवे. नोव्हेंबरात ती या दारात उभी राहिली तेव्हा मी बटाटे सोलत होते आणि माझा भाऊ पीडर रेडिओवर गुरांचे भाव ऐकत होता. बाई सत्तरीची, काटक, उन्हानं रापलेली, पाठीवर शाळकरी पोरांची असते तसली निळी पिशवी. मी म्हटलं, पिशवी खाली ठेव आणि आधी चहा घे.

"पिशवी राहू दे पाठीवर," ती म्हणाली, "तिच्यात माझा भाऊ आहे."

पीडरनं रेडिओ बंद केला.

ती ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटहून आली होती. लेस तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला वाढवलेलं. त्यानं लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आणि मरताना मात्र बहिणीचा हात धरून म्हणाला, मला बाबांच्या माणसांत नेऊन ठेव. बाबांची माणसं कुठली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मर्लनं शब्द दिला. आता परतीचं विमान चार दिवसांवर आलं होतं, आणि लेसला ठेवायला जागा नव्हती.

मी कामाला लागले. पाद्र्याकडे किनीव्ही, जहाजावर कनाव्ही, बॅलरॅटला किनॅवे. जे इथेच राहिले त्यांचं नाव एका शाळामास्तराच्या जिभेला जड गेलं, म्हणून ते झाले फोर्ड. एका चुलीवरचं खाल्लेली माणसं चार नावांनी मेली. ही सगळी फोर्ड मंडळी समोरच्या बेटावर पुरलेली आहेत. बेट म्हणजे काय, ओहोटीला वाळूतून चालत जावं आणि भरती यायच्या आत परतावं. रस्त्यालगत नवी दफनभूमी झाली, तेव्हापासून बेटावर कोणाला नेलेलं नाही. पण तिथली समिती अजून आहे आणि तिचा सचिव आमचा पीडर. नियम एकच, ज्या घरांची माणसं तिथे आहेत त्याच घरांना जागा.

"किनॅवे आणि फोर्ड एकच?" पीडर म्हणाला. "उद्या म्हणशील गाय आणि घोडा एकच."

"तुझ्या डोक्यात पेंढा भरलाय म्हणून तुला कळत नाही."

"मला कळून काय उपयोग? माणसं विचारतील मला. बाई, तुमच्या वडिलांनी काही सांगितलं होतं का? घराचं, बापजाद्यांचं?"

मर्लनं मान हलवली. वडील बोलायचेच नाहीत. मग ती जराशी हसली. "झोपाळ्यावर झोका देताना एक गाणं म्हणायचे. अर्थ काही नाही त्याला. लेस माइक, माइक टॉम, टॉम मार्टिन, मार्टिन रुआ."

पीडरनं टोपी काढून टेबलावर ठेवली. तुम्ही परके, म्हणून सांगते. आमच्याकडे आडनाव फक्त कागदावर असतं. गावात माणूस ओळखला जातो तो असा, त्याचं नाव, मग बापाचं, मग आजाचं. रुआ म्हणजे तांबड्या केसांचा. मार्टिन रुआच्या घराची भिंत आमच्या खालच्या शेतात अजून उभी आहे. मर्लच्या वडिलांनी, माइकनं, ती चार नावं पोरांच्या तोंडी ठेवली होती आणि पोरांना वाटलं, झोपाळ्याचं गाणं.

मर्ल इतकी रडली की मीही रडले.

"झालं तर मग," पीडर म्हणाला. डोळे त्याचेही ओले होते, आणि तसं झालं की त्याला थट्टा सुचते. "कोली पॅट खूश होईल. बिचारा किती वर्षं बादली वाहतोय."

मर्लनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. आमच्या जुन्या लोकांचं म्हणणं असं, की दफनभूमीत जो शेवटी येतो त्याच्याकडे फाटकाची राखण. आतल्या सगळ्या आत्म्यांना पाणी नेऊन द्यायचं, पुढचा कोणी येईपर्यंत. एकाच दिवशी दोन मयतं निघाली तर लोक शवपेट्या घेऊन धावत सुटत. आपला माणूस आधी आत गेला पाहिजे. आमच्या आजोबांच्या वेळी एकांनी पेटी सरळ भिंतीवरून आत टाकली होती. बेटावर शेवटचा गेला कोली पॅट. मी तेव्हा आईच्या कडेवर होते.

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी होती. पीडरची कंबर धरली होती, त्यानं फावडं दिलं आणि बजावलं की भरतीच्या आधी परत या. मर्ल आणि मी निघालो. वाळूवर धुकं होतं. समुद्र कुठे आहे ते दिसत नव्हतं, नुसता लांबून त्याचा आवाज. मर्ल पाठीवरच्या लेसशी बोलत होती. आलो बघ, आता थोडंच राहिलं. बेटावर चढलो आणि तो समुद्राचा आवाज थांबला. बेटावर समुद्र जास्त ऐकू यायला हवा, नाही का? मी थबकले, पण मर्ल पुढे गेली होती.

फाटकाशी एक म्हातारा उभा होता. जाड लोकरीचा कोट, कमरेला दोरी, हातात पत्र्याची बादली. गावातले लोक बेटावर मेंढ्या सोडतात, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वासाचं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि त्याच्याजवळ वास बटाट्याचं शेत उकरल्यावर येतो तसा, ओल्या काळ्या मातीचा.

"देव तुमच्याबरोबर असो."

"देव आणि मेरी तुमच्याबरोबर असोत," मी रीतीप्रमाणे म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मर्लला म्हणाला, "कुणाची गं तू?"

"किनॅवे. मर्ल किनॅवे."

त्यानं मान हलवली. मी मध्ये पडले. "किनीव्ही म्हणा हवं तर. फोर्ड म्हणा. एकच घर आहे."

"तू थांब. तिला विचारतोय मी. कुणाची?"

मर्ल शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली. "मर्ल माइक, माइक टॉम, टॉम मार्टिन, मार्टिन रुआ."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "टॉमची! गेला तो गेलाच, एक निरोप नाही की काही नाही... अगं, तुझा आजा आणि माझा बाप सख्खे भाऊ. मी कोली. कोली पॅट मार्टिन रुआ."

मर्लनं त्याचा हात हातात घेतला. तिला तिचं माणूस भेटलं होतं. काल ऐकलेलं नाव तिच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या मात्र होतं. आणखी एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हा कळली नाही. तो आयरिशमध्ये बोलत होता. आम्ही घरी तेच बोलतो, म्हणून मला वेगळं वाटलं नाही. मर्लला त्यातला एक शब्द येत नाही.

"आणि कुणाला आणलंस?" त्यानं आमच्या मागे वाळूकडे पाहिलं. "माणसं मागून येताहेत का त्याला घेऊन?"

"माझा भाऊ. लेस." तिनं पिशवीतून तपकिरी डबा काढला. बिस्किटांचा असतो एवढा.

त्यानं डब्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "बाकीचा कुठाय?"

"एवढाच... सगळा एवढाच आहे."

"जाळलात?"

"विमानातून आणायचा म्हणजे..."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रात्रपाळी संपवून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला सांगावं, बदलीचा माणूस येणार नाही, तसा तो उभा होता. अगदी हळू म्हणाला, "राखेला हात कुठे असतात, पोरी? बादली कशानं धरायची त्यानं?"

मी मर्लचा दंड धरला. "चल. भरती येईल. लेसला घे आणि चल."

"अगं, परत नेऊ त्याला? इथवर आणून?"

"मर्ल, ऐक माझं... हा माणूस..."

"हा माझा चुलता आहे," ती म्हणाली आणि माझा हात झटकून आत गेली. मार्टिन रुआच्या दगडाशेजारी तिनं स्वतः खणलं. माती लोण्यासारखी मऊ होती, जणू आदल्या दिवशीच कोणी भुसभुशीत करून ठेवली असावी. मी प्रार्थना म्हटली, तीही मध्येच चुकले. कोली पॅट आत आला नाही. फाटकाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आम्ही निघालो तेव्हा त्यानं तिला विचारलं, "धाकटा ना तुझा?"

"हो. माझ्याच हाताखाली वाढला."

"लहानपणी त्याची कामं कोण करायचं?"

मर्ल रडता रडता हसली. "मीच की. आळशी होता फार."

"मग ही घेशील? त्याच्या वाटणीची?"

"नको... मर्ल, हात लावू नकोस. मर्ल!"

मी ओरडले, पण तिनं बादली घेतली होती. बसमध्ये म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी घ्यावी तशी. तिचा स्वभावच तो. म्हाताऱ्यानं आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "देव तुझं भलं करो," म्हणाला आणि आमच्या शेजारून आत गेला. तो कुठे थांबला ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा आत फक्त गवत होतं.

"बाई गं, हिला बूडच नाही!" मर्ल बादलीतून माझ्याकडे बघत हसत होती. तिनं ती फाटकाला अडकवली आणि आम्ही परतलो. निम्म्या वाटेत पाणी घोट्याला लागलं.

संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि हात धुवायला मागे गेली. मी पीडरला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "नळ चालूच आहे गं मघापासून."

आम्ही जाऊन पाहिलं. तिनं घरातली सगळी भांडी भरली होती. जग, पातेली, किटली, माझ्या आईचा फुलदाण्यांचा जोड. भरून मागच्या दारापर्यंत ओळीनं मांडली होती, आणि ती अजून भरत होती.

"मर्ल, हे काय?"

"तहानलीयेत गं सगळी," ती म्हणाली. मग भांड्यांकडे पाहून पांढरी पडली. "मी काय म्हणाले आत्ता?"

ती गेली ठरल्या विमानानं. तिच्या उजव्या तळहातावर गंजाची रेघ उमटली होती, साबणानं जात नव्हती. दर रविवारी फोन यायचा. आधी थट्टेत सांगायची, स्वप्नात तुमच्या बेटावर मोलकरीण झालेय म्हणून. मग थट्टा संपली. तिची मुलगी नरेल रडत बोलायची. आई वाळत चाललीय, दिवसभर बागेतल्या नळाशी असते, डॉक्टरांना काही सापडत नाही. मर्ल मला सांगायची, कोण कोण पाण्याला येतं. आमच्या गावातली मेलेली माणसं, नावानिशी. "तुझी आजी फार हसते गं. तिचं ते वाकडं बोट दाखवून पोरांना घाबरवते." आजीचं बोट वाकडं होतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

"बूड नसलेल्या बादलीनं पाणी न्यायचं म्हणजे पळावं लागतं, डेलिया," एकदा म्हणाली. "आणि मला आता पळवत नाही."

आम्ही फादरना बेटावर नेलं, त्यांनी पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटल्या. तिला काही फरक पडला नाही. तिला सोडवायचा मार्ग एकच होता. बेटावर कोणीतरी जायला हवं होतं, आणि तेही आख्खं, हातापायांसकट. इथे रेडिओवर रोज मयतांची नावं सांगतात. मी कान टवकारून ऐकायला लागले. कोणीतरी बेटाच्या घराण्यातलं निघू दे, एवढीच माझी प्रार्थना. लोकांच्या घरी माणूस जाऊ दे म्हणून मी देवाची करुणा भाकत होते. मला माझीच किळस यायची, पण रेडिओ मी बंद केला नाही.

पीडर त्या दिवसापासून मिटूनच गेला होता. "परवानगी मी दिली," म्हणायचा. "वर हसलोही मीच. मला काही झालं तर मला तिकडेच पुरा. दोन्ही हातांसकट."

"गप बस. घोड्यासारखा धडधाकट आहेस."

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला.

आज रविवार. प्रार्थनेहून आलो, जेवलो, पीडर शेगडीशी खुर्चीत लवंडला. मग फोन वाजला. मर्ल धापा टाकत होती.

"डेलिया, त्याला परत बोलाव. आत्ता बोलाव."

"कोणाला?"

"फाटकाशी आलाय तो. दे म्हणतो बादली. मी नाही म्हटलं. मला नको सुटायला, मी वाहते अजून... मी धरून ठेवलीय, पण तो ओढतोय गं. हसतोय आणि ओढतोय. तुला सांगू नकोस म्हणतो."

मी वळून पाहिलं. पीडर खुर्चीत झोपला होता. डोळे मिटलेले, चेहरा शांत. त्याचा उजवा हात मांडीवरून वर उचललेला होता, मूठ गच्च वळलेली, आणि तो काहीतरी स्वतःकडे ओढत होता.

"सोडू नकोस," मी फोनमध्ये ओरडले. "मर्ल, सोडू नकोस!"

देवा, तिला मरायला सांगत होते मी. जिच्यासाठी एवढ्या प्रार्थना केल्या तिलाच. पण तो माझा भाऊ आहे हो. तीही भावासाठीच आली होती ना, मग तिला नाही कळणार तर कोणाला?

ती कण्हत होती. मग पत्रा दगडावर आपटल्यासारखा आवाज आला. मग तिचा आवाज, अगदी बारीक. "गेली गं हातातून... डेलिया, माझा हात हलका झाला." आणि ती रडायला लागली.

पीडरचा हात खाली आला.

त्यानंतर तुम्ही दार वाजवलंत. हो, तोच तो, तुमच्या मागे खुर्चीत. आत येताना तुम्ही त्याला मान लवून नमस्कार केलात, आणि त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून तुम्हाला वाटलं, झोपलाय. मीही तसंच धरून बसले आहे. म्हणून तुम्हाला थांबवलं, म्हणून इतका वेळ बोलतेय. मी गप्प झाले की मला उठून त्याच्या छातीवर हात ठेवून पाहावं लागेल.

थोडं बसा अजून. तुम्ही आल्या आल्या तहान लागलीय म्हणाला होतात, तेव्हा टेबलावरचा तो ग्लास रिकामा होता. आता भरलाय, घ्या हवा तर. पण तो मी भरलेला नाही.